घर आणि शाळा : गळ्यात बिल्ला बांधून निघालेले खेळणे



भूगोलाविषयीची तक्रार या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून वरचेवर असते. अलीकडेच एका भगिनीने लिहिले आहे की, मुलगा सहावीत आहे, अक्षांश म्हणजे काय आणि रेखांश म्हणजे काय हे घडाघडा म्हणून दाखवतो. पण आपले गाव कोणत्या अक्षांशावर आहे असे विचारले की खाली बघतो. मार्क मात्र चांगले आहेत. मग काळजी करावी की करू नये, असा त्यांचा प्रश्न आहे.

काळजी करावी, पण मुलाला बोल लावू नये. ज्या गावाशी आपले काही देणेघेणे नाही, ते गाव नकाशावर सापडले काय आणि न सापडले काय, मुलाला सारखेच. तेच, मामाची बदली चंद्रपूरला झाली तर हाच मुलगा त्या रात्री नकाशा उघडून चंद्रपूर शोधतो. आपले माणूस किंवा आपली वस्तू तिथे गेली की नकाशावरचा ठिपका जिवंत होतो. ही गोष्ट अमेरिका आणि युरोपातल्या काही शिक्षकांनी बरोबर हेरली आणि एका खेळाचा वर्गात उपयोग करून घेतला. तो खेळ आज सांगायचा आहे. नाव जरा अवघड आहे, जिओकॅशिंग. नावाने बिचकू नका, आत काही अवघड नाही.

तुमच्या गोठ्यातल्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला असेल. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो. गाय विकली, दुसऱ्या तालुक्यात गेली, तरी क्रमांक तोच राहतो आणि तिची लस, तिचे वेत, सगळी नोंद त्या क्रमांकाखाली संगणकात होत राहते. नाशिककडचे द्राक्षबागाईतदार हेच आणखी एका रीतीने जाणतात. २००६ पासून अपेडाच्या ग्रेपनेटमध्ये बागेची नोंद होते आणि युरोपातल्या दुकानात उघडलेल्या पेटीवरून माल कोणत्या बागेतला हे मागे शोधत येता येते. आता गाईच्या जागी कापडाचे अस्वल किंवा प्लास्टिकचे बदक घ्या. त्याच्या गळ्यात साखळीने धातूचा बिल्ला अडकवा. त्या बिल्ल्याला ट्रॅकेबल म्हणतात. त्यातला सर्वांत जुना आणि प्रसिद्ध प्रकार म्हणजे २००१ साली निघालेला ट्रॅव्हल बग. वर्गातली मुले ते खेळणे जगात सोडून देतात आणि अनोळखी माणसे ते हातोहात पुढे नेतात.

पण ते ठेवायचे कुठे आणि उचलणार कोण? त्यासाठी मूळ खेळ थोडा समजून घ्यावा लागेल.

आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरत असतात. ते सतत वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की हातातले यंत्र आपण कुठे आहोत याचा हिशेब करते. २००० सालापर्यंत अमेरिकी सरकार सामान्य माणसाला मिळणाऱ्या या संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभर-शंभर मीटरने चुकायची. मे २००० च्या आरंभी, अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकिर्दीत, ही मिसळ बंद झाली आणि एका रात्रीत जगभरातली यंत्रे नेमकी जागा दाखवू लागली. लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यात पोर्टलंड शहराजवळ डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने एक काळी बादली रानात अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तके होती, थोडे पैसे होते, एक गलोल होती आणि शिजवलेल्या कडधान्याचा एक बंद डबाही होता. नियम इतकाच की, काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. त्याच वर्षी सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी या खेळाचे संकेतस्थळ सुरू केले. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक पेट्या लपवलेल्या आहेत. कुठे झाडाच्या ढोलीत, कुठे पुलाखाली, कुठे दगडांच्या ढिगात. कडधान्याच्या त्या डब्याचे काय झाले असे कोणी विचारील म्हणून सांगतो. तो पुढे गंजलेला सापडला आणि आता त्यालाही ट्रॅकेबलचा क्रमांक आहे.

आता वर्गात काय चालते ते पाहू.

शिक्षक बिल्ला विकत घेतात. एका पाकिटात एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले असतात. एक खेळण्याला बांधायचा, दुसरा जपून ठेवायचा. मुले खेळण्याला नाव देतात. मग त्याला कुठे पाठवायचे यावर वर्गात भांडणे होतात. माझ्या मते खरा अभ्यास इथेच सुरू होतो. कोणी म्हणते त्याने समुद्र पाहावा, कोणी म्हणते वाळवंट. शेवटी एक इच्छा ठरते, उदाहरणार्थ, "मला पाच खंडांत जायचे आहे" किंवा "मला विषुववृत्त ओलांडायचे आहे". ती एका चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठीला प्लास्टिकचे आवरण घालून खेळण्याला अडकवतात. हीच इच्छा संकेतस्थळावरही नोंदवतात. मग सगळा वर्ग जाऊन शाळेजवळच्या एखाद्या पेटीत खेळणे ठेवून येतो.

पुढचे काम अनोळखी माणसांचे. कोणी प्रवासी पेटी उघडतो, चिठ्ठी वाचतो, आपण त्या दिशेला जाणार असलो तर खेळणे पिशवीत टाकतो आणि शंभर, हजार, पाच हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या पेटीत नेऊन ठेवतो. बिल्ल्यावरचा क्रमांक टाकून तो नोंद करतो, कधी फोटोही घालतो. हा क्रमांक चारचौघांत जाहीर करायचा नसतो. वस्तू खरोखर हाती आली होती याचा तोच पुरावा. म्हणून शिक्षक मुलांना बजावतात की, फोटोत बिल्ल्यावरचे आकडे दिसता कामा नयेत.

इकडे वर्गाच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा असतो. नोंद आली की एक टाचणी आणि तिथपर्यंत दोरा. आणि मग प्रश्न उभे राहू लागतात, ते शिक्षकाला विचारावे लागत नाहीत. खेळणे डिसेंबरात ऑस्ट्रेलियाला पोचले आणि फोटोतला माणूस अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात, मागे पिकलेल्या गव्हाच्या शेतात मोठे कापणीयंत्र. अमेरिकेतल्या पोराच्या खिडकीबाहेर त्या वेळी बर्फ पडत असते. ते विचारणारच, हे कसे? आपल्याकडच्या पोराला तर याहून जास्त नवल वाटेल, कारण डिसेंबरात आपल्या गव्हाला फुटवे येत असतात आणि तिकडे कापणी चाललेली. दक्षिण गोलार्धातले ऋतू उलटे असतात, हे वाक्य पुस्तकात आहेच. पण ते वाक्य वाचणे निराळे आणि आपले बदक तिथल्या उन्हात बसलेले पाहणे निराळे.

अंतराचेही तसेच. संकेतस्थळ एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंतचे सरळ अंतर धरून किलोमीटर मोजते. माणूस रस्त्याने वळणे घेत गेला तरी हिशेब कावळ्याच्या उडण्याचा. मुले नकाशावर पट्टी लावून ते पडताळतात आणि लांबच्या मजलेत फसतात, पट्टीचे उत्तर जुळत नाही. मग शिक्षक पृथ्वीगोल आणतात आणि त्यावर दोरा ताणायला लावतात. बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये गोलावर दोरा ताणून पाहा, तो थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला त्याच वाटेने आले, आणि विमानातले सर्व वैमानिक महिला होत्या. सपाट नकाशावर ही वाट कितीही शोधली तरी सरळ दिसायची नाही.

या खेळातले सर्वांत लांबचे प्रवास सांगायचे तर जमिनीवर राहून भागत नाही. रिक मास्ट्राकिओ हे अमेरिकी अंतराळवीर ७ नोव्हेंबर २०१३ रोजी अंतराळस्थानकाकडे गेले, तेव्हा त्यांनी एक ट्रॅव्हल बग सोबत नेला. त्यांच्या जन्मगावची, कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरीची शाळकरी मुले त्या उपक्रमात होती. ते स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. मास्ट्राकिओ १४ मे २०१४ ला परतले. तोवर त्या मुलांनी किलोमीटरचा हिशेब कसा ठेवला असेल, कल्पनाच करावी. याच्याही पुढचा एक क्रमांक मंगळावर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर यंत्र तपासण्यासाठी अंतराळवीराच्या शिरस्त्राणाच्या काचेच्या साहित्याचा एक तुकडा बसवला आहे, त्यावर ट्रॅकेबलचा क्रमांक कोरला आहे. तो उचलून पुढे नेणारे मात्र अजून कोणी तिथे नाही.

एवढे ऐकून वाटेल की सगळे गोडच आहे. तसे नाही.

खेळणी हरवतात. थोडी नव्हे, बरीच. कोणी उचलून नेतो आणि कपाटात विसरतो. एखाद्या घरातले लहान मूल खेळणे छातीशी धरून बसते आणि आईबापांना ते परत घेववत नाही. पेटी पुरात जाते. किंवा खेळ ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती लागते आणि तो ती उचलून फेकून देतो. अशा बाहेरच्या माणसाला हे खेळाडू 'मगल' म्हणतात, हा शब्द हॅरी पॉटरच्या गोष्टीतला. कारण काहीही असो, भिंतीवरचा दोरा एका टाचणीशी थांबतो. मुले रोज सकाळी विचारतात आणि शिक्षकाकडे उत्तर नसते.

हे आधी सांगावे की सांगू नये? काही शिक्षक सांगत नाहीत, मुलांचा उत्साह जाईल म्हणून. मला ते पटत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाने तर बियाणे मातीत टाकून पावसाची वाट पाहणारा बाप पाहिलेला असतो, त्याच्यापासून काय लपवायचे? निघण्यापूर्वीच सांगावे की, हे परत येईलच असे नाही. वर्गाचे आवडते खेळणे, कोणाच्या आजीने शिवलेली बाहुली असली वस्तू देऊ नये. एकाऐवजी तीन-चार खेळणी सोडावीत. आणि जपून ठेवलेला दुसरा बिल्ला असतोच. पहिले खेळणे गेले असे पक्के झाले की त्याच क्रमांकाने दुसरे पाठवता येते आणि जुना दोरा पुढे चालू होतो.

दुसरी अडचण वेळेची. शाळेचे वर्ष ठरलेल्या दिवशी संपते, खेळण्याचे नाही. एखादे खेळणे सहा महिने एकाच पेटीत बर्फाखाली पडून राहते आणि परीक्षा झाल्यावर उन्हाळ्यात धावू लागते. ज्या मुलांनी सोडले ती पुढच्या वर्गात गेलेली असतात. म्हणून जाणते शिक्षक नकाशा वर्गातून काढून शाळेच्या ओवरीत लावतात, म्हणजे जुन्या मुलांना जातायेता दिसतो.

आता आपल्याकडचे बोलू. भारतातही अशा पेट्या आहेत, पण मोजक्या आणि मुख्यतः मोठ्या शहरांच्या आसपास. खेड्यातल्या शाळेने हा खेळ जसाच्या तसा उचलावा असे मी सांगणार नाही. एक तर आपल्याकडे बेवारस डबा दिसला की हात लावू नका, पोलिसांना कळवा, असे एसटी स्टँडवर आणि रेल्वेत सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. तिथे डबा लपवणे म्हणजे लोकांना घोर लावणे. दुसरे, आपल्या रानातल्या दगडाखाली आणि ढोलीत हात घालणे किती शहाणपणाचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. विंचू-सापाला खेळाचे नियम ठाऊक नसतात.

पण पेटीवाचून खेळ अडत नाही. पेटीचे काम माणूस करू शकतो. परदेशी शिक्षकांना अनोळखी प्रवासी शोधावे लागतात. आपल्या गावात मात्र जाणारे-येणारे इतके आहेत की निवड करावी लागेल. कोणाचा काका ट्रकवर आहे आणि कांदा घेऊन परराज्यात जातो. आषाढी वारीला दिंडी निघते, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत रोज एक मुक्काम. मेंढपाळ मेंढरे घेऊन घाटाखाली उतरतात. आणि दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या कितीतरी वर्गांतली मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती गाळप संपल्यावरच परततात.

या मुलांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. हजेरीपटावर ती गैरहजर असतात. वर्गात त्यांची आठवण निघते ती पट मोजताना. पण वर्गाचे खेळणे त्यांच्यातल्याच एकीच्या हाती दिले तर? ती जिथे कोपी घालील ते ठिकाण वर्गाच्या नकाशावर टाचणीने लागेल. तिथून ती कळवील की इथे नदी कोणती, माती कशी, कारखाना किती कोसांवर, लोक कानडी बोलतात की मराठी. गावात राहिलेली मुले तिच्या संदेशाची वाट पाहतील. जी पोर वर्गाबाहेर गेली, तीच वर्गाला भूगोल शिकवील. तिची शाळा बुडते हे दुःख त्याने मिटत नाही आणि मिटते असे मी म्हणतही नाही. तिला हंगामी वसतिगृह किंवा तिथली शाळा मिळालीच पाहिजे, त्यासाठी पालक सभेत बोलावे लागेल ते बोलावेच. पण परतल्यावर ती खाली मान घालून मागच्या बाकावर बसणार नाही, एवढे तरी घडेल असे वाटते.

करायचे असेल तर असे करा. एक लहान, न फुटणारे खेळणे घ्या. लाकडी बैल चालेल. सुताराकडून किंवा भांड्यावर नाव घालणाऱ्याकडून पत्र्याच्या तुकड्यावर शाळेचे नाव आणि एक क्रमांक कोरून घ्या. मुलांची नावे, घरचे पत्ते किंवा मुलांचे फोन नंबर त्यावर नकोत. संपर्क शाळेचा, तोही गुरुजींच्या किंवा बाईंच्या संमतीने. सोबत एक छोटी वही द्या. प्रत्येक मुक्कामाला तारीख, गाव, तालुका, उभे पीक, पाऊस की ऊन आणि अक्षांश-रेखांश एवढे लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याने फोनवर सांगावे, इकडे मुले लिहून घेतील.

अक्षांश-रेखांश मोबाईलवर पाहता येतात. नकाशा उघडून आपल्या जागेवर बोट थोडा वेळ दाबून धरले की दोन आकडे दिसतात, पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. फोनमधले जीपीएस इंटरनेटवाचूनही जागा ओळखते, नकाशाचे चित्र उमटायला मात्र इंटरनेट लागते. एक खाचखळगा ध्यानात ठेवा. फोनवर १८.५ दिसले तर ते १८ अंश ५ मिनिटे नव्हे. टिंबापुढच्या भागाला ६० ने गुणावे लागते, म्हणजे १८ अंश ३० मिनिटे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटरचे. जिओकॅशिंगवाले मिनिटाचा हजारावा भाग लिहितात, तो होतो सहा फुटांएवढा. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण जसजसे उत्तरेला जावे तसतसा आखूड होत जातो. आपल्याकडे सुमारे १०५ किलोमीटर, आणि ६० अंशांवर विषुववृत्ताच्या निम्मा.

रेखांशाचा उपयोग काय, असे मुलाने विचारले तर सूर्य दाखवा. एका अंशाला चार मिनिटे असा हिशेब आहे. गोंदिया आणि पालघर यांत साडेसात अंशांच्या जवळपास अंतर आहे, म्हणून घड्याळ एकच असूनही गोंदियाला सूर्य पालघरच्या सुमारे अर्धा तास आधी उगवतो. लाकडी बैल ट्रकबरोबर पूर्वेला निघाला असेल तर काकांना रोज सूर्योदयाची वेळ कळवायला सांगा. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या मुलाने ही यादी आठवडाभर ठेवली, तर रेखांशाची व्याख्या त्याला पुन्हा पाठ करावी लागेल असे वाटत नाही.

वहीबद्दल शेवटची सूचना. ती एकात एक अशा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला आणि पेन न देता शिसपेन्सिल द्या. पावसात शाई पसरते, शिशाची अक्षरे राहतात. पेन्सिल दोऱ्याने वहीलाच बांधा, नाहीतर पहिल्याच मुक्कामाला ती कोणाच्या तरी कानावर जाऊन बसेल.